सोलोमधले रिकामे चार सेकंद

ज्यांच्यामुळे मी आज आहे तिथे आहे, त्यांचं नाव आधी लिहितो. सोनटक्के सर. जिंतूरला आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म कुठे मिळतो, त्यावर फोटो कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचा, इथपासून सगळं सरांनी केलं. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीने आले आणि रांगेत उभे राहिले... माझ्या पुढे नाही, मागे. "खिडकीशी तूच बोल. अडलास तर मी आहे," म्हणाले. अडलो नाही. पण मागे कुणीतरी आहे हे माहीत असल्यामुळेच अडलो नाही.

या सरांनीच आमच्या डोक्यातली भुतंही काढली. शाळेमागच्या विहिरीतून कुणीतरी हाक मारतं म्हणून पोरं तिकडे जायची नाहीत. सरांनी अख्खा वर्ग विहिरीच्या काठावर नेला, एकेकाला ओरडायला लावलं आणि प्रतिध्वनीचं गणित तिथेच सोडवून घेतलं. अशा माणसाच्या हाताखाली शिकलेला मी. या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलो. म्हणून हे लिहिताना थोडी लाज वाटते आहे, हे आधीच कबूल करतो.

मी बालाजी. सहा वर्षं चेन्नईत आहे. नाव बालाजी असल्यामुळे इथे प्रत्येक जण माझ्याशी तमिळमध्येच सुरू होतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतो. अंबत्तूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टिंगला आहे. काम म्हणजे कंपनं मोजणं. कुठला भाग किती थरथरतो आणि का, हे शोधायचं. बाकी छंद म्हणाल तर गिटार. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये ऐकून ऐकून शिकलो.

गिटारचं खूळही सरांचंच. नववीला 'ध्वनी'चा धडा आला की सर शाळेचा टेपरेकॉर्डर वर्गात आणायचे आणि त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली एक कॅसेट लावायचे. एका इंग्लिश बँडचं जुनं गाणं. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली सगळी चर्चा गाण्यावरच होईल. त्यात मध्ये लांबलचक गिटार सोलो आहे. सर म्हणायचे, "शब्द कळत नाहीत ना? बरंच आहे. आता फक्त तार ऐका." वारंवारिता, आयाम, सगळं त्या एका तारेवर. आमच्या गावात कुणी खरी गिटार पाहिलेली नव्हती. मला तर वाटायचं, कुणीतरी रडता रडता समजूत काढतोय.

त्या कॅसेटमध्ये एक खोट होती. कुठल्यातरी वर्षी सरांनी वर्गात चुकून प्लेबरोबर रेकॉर्डचं बटण दाबलं होतं, आणि सोलोच्या ऐन मध्यावर चार सेकंद पुसले गेले होते. तिथे नुसती खरखर. ती जागा आली की सर डस्टर हातात तसंच धरून, डोळे मिटून, तोंड बंद ठेवून तेवढा तुकडा स्वतः गुणगुणायचे. पोरं हसायची. चार सेकंद झाले की गिटार पुन्हा सुरू, आणि सर पुन्हा गंभीर.

गेल्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू बरीच सुधारली, पण वाचा गेली. सगळं कळतं, डोळ्यांत दिसतं, पण शब्द येत नाही. एवढं बोलणारा माणूस. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, मी दर रविवारी फोन करतो. एकदा त्या म्हणाल्या, "इथं त्या वाचा शिकवणाऱ्या बाई येतात ना, त्या म्हणत होत्या, काहींना बोलता येत नाही पण गुणगुणता येतं. गाण्यातून मग शब्द सुटतात म्हणे. यांना कुठलं गाणं आवडतं विचारलं. मी काय सांगणार? हा माणूस आयुष्यात एका भजनाला बसला नाही. ती तुमची इंग्रजी कॅसेट तेवढी आठवली. कुठं आहे रे ती? तूच ढापलीस ना?"

"नाही हो काकू. शाळेनं भंगारात काढलं सगळं."

"मग मोबाईलवर असेल की."

मी लगेच पाठवलं. पुढच्या रविवारी काकू म्हणाल्या, "लावलं बाबा. दहा सेकंद ऐकलं आणि मोबाईल डाव्या हाताने ढकलून दिला. भिंतीकडे तोंड करून झोपले."

मला ते लगेच समजलं, कारण हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा मूळ गाणं ऐकलं तेव्हा माझंही तेच झालं होतं. सगळे सूर तेच, पण ते *ते* नव्हतंच. फार चकचकीत, फार सरळ. आमच्या कॅसेटवर लांब सूर कसा हळूहळू हेलकावे खायचा... ते मूळ गाण्यात कुठेच नव्हतं. आणि मधल्या चार सेकंदांत भराभर वाजवलेली एक तान होती, सरांच्या गुणगुणण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

मग मी ठरवलं, की तो सोलो मीच वाजवायचा. आमच्या कॅसेटवर वाजायचा तसा. सर ओळखतील असा.

चार महिने गेले. तारा बदलल्या, पेडल बदलली, व्हिडिओ बघून बघून डोळे दुखले. आवाज जवळपास जमला, पण तो हेलकावा काही बोटांतून निघेना. शेवटी माझा जुना अँप्लिफायरच घरघरायला लागला आणि तो दुरुस्त करायला मी अड्यारला रामरावकाकांकडे गेलो.

रामरावकाका तंजावरचे मराठी. वय पंचाहत्तर. पूर्वी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला साउंडचं काम केलेलं. आता घराच्या मागच्या खोलीत जुने अँप्लिफायर आणि टेप दुरुस्त करतात. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, जुनी बखर कुणीतरी तमिळ चालीवर वाचतंय. पहिल्या दिवशी मी तमिळची तयारी करून गेलो होतो.

"कुठलें ऊर तुझें?" त्यांनी विचारलं. ऊर म्हणजे गाव.

"जिंतूर. परभणी जिल्हा."

"बालाजी नांवाचा मराठी पोर! सेरि, बरें. बैस. पहिलें कॉफी, मग मशीन."

अँप्लिफायर दुरुस्त झाल्यावर तपासायला म्हणून मी तोच सोलो वाजवला. लांब सुरावर बोट हलवून हेलकावा काढायचा प्रयत्न केला. काकांनी हात वर केला.

"थांब. हें काय करतोंस तूं?"

मी सगळं सांगितलं. सर, कॅसेट, हेलकावा. तोंडाने करूनही दाखवला. काका घड्याळाकडे बघत बोटाने टेबलावर ठेका धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हा मनुष्याचा हात नव्हें. मनुष्याचा हात थकतो, घाई करतो. हें तर घड्याळासारखें चाललें आहे. टेपाचा पट्टा कुणी बदलला होता कां?"

आणि मला दिसलंच ते. सर टेपरेकॉर्डर उघडून बसलेत, आतला रबरी पट्टा तुटलाय, आणि सर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने एक कडं कापून तिथे बसवतायत. हाताने कापलेलं कडं. कुठे जाड, कुठे बारीक. प्रत्येक फेऱ्याला टेप किंचित मंद, किंचित जलद. ज्याला मी वादकाचं काळीज समजत होतो ती सायकलची ट्यूब होती.

"तूं नोकरी काय करतोंस म्हणालास?" काकांनी विचारलं.

"कंपनं मोजतो."

"मोजतोंस, कां नुसती सही करतोंस?"

पंधरा वर्षं जे कानात होतं ते यंत्राचं कंपन आहे हे मला, कंपनांच्या माणसाला, कळलं नव्हतं.

मग काम सोपं झालं. काकांकडे जुना कॅसेट डेक होता. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणला. सात कडी कापली, सातव्याला हेलकावा बरोबर आला. गिटार साधी वाजवायची, ती कॅसेटवर भरायची, आणि मग ती कॅसेट या पट्ट्यावर चालवून तिचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा. आता प्रश्न एकच उरला... ते चार सेकंद.

सर काय गुणगुणायचे ते मला आठवत नव्हतं. डस्टर आठवतं, मिटलेले डोळे आठवतात, सूर नाही. नववीच्या ग्रुपवर विचारलं, तर एकाने कोंबडा आरवल्याची क्लिप पाठवली आणि दुसरा म्हणाला, 'सर गुणगुणायचे? मला वाटायचं दाढ दुखते.' ठरवलं, ती जागा रिकामीच ठेवायची. मूळची तान तिथे घालायची नाही, कारण ती सरांची नाही.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रविवार, दुपारचे पावणेचार. काकांची मागची खोली. बाहेर रस्त्यावर बसचे हॉर्न, म्हणून खिडक्या बंद. पंखाही बंद, माइकमध्ये आवाज जातो म्हणून. दोघेही घामाने भिजलेले. काका डेकपाशी, मी स्टुलावर, अँप्लिफायर माझ्यापासून चार-पाच फुटांवर. काकांनी मान हलवली, मी सुरुवात केली. हात छान चालला होता. मधली जागा आली तसा मी डावा तळवा सगळ्या तारांवर सपाट ठेवला, तारा मुक्या केल्या, उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि मनात चार मोजायला लागलो.

अँप्लिफायरमधून आवाज आला.

मोठा नाही. तोंड बंद ठेवून कुणी गुणगुणावं तसा, पण माणसाचा म्हणावा असाही नाही. पाच सूर. चौथा जरासा लांबलेला. मी खाली बघितलं. तळवा तारांवर होता, एकही तार हलत नव्हती. मग चार सेकंद संपले. मी का थांबलो नाही माहीत नाही, पण थांबलो नाही. पुढचा भाग वाजवून सोलो पूर्ण केला.

काकांनी डेक बंद केला. चेहऱ्यावर समाधान.

"मधलें फार छान वाजवलेंस. पण तूं बोललास कीं रिकामें ठेवणार?"

"काका, मी वाजवलं नाही."

"अय्यो, मग काय मीं वाजवलें?"

मला एकदम सुचलं आणि मी म्हणालो, "तुम्ही काय ऐकलं? मला म्हणून दाखवा. मी काही बोलणार नाही."

काकांनी गुणगुणून दाखवलं. पाच सूर, चौथा लांबलेला. आत्ता अँप्लिफायरमधून ऐकताना मला जे कळलं नव्हतं ते काकांच्या गळ्यातून ऐकताना कळलं. सर हेच गुणगुणायचे. हेच. डस्टर वर धरून. इतके दिवस आठवून आठवून जे मला सापडलं नव्हतं, ते जिंतूर नकाशावर कुठे आहे हेही माहीत नसलेला एक म्हातारा मला म्हणून दाखवत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका घाबरले. "काय झालें रे, कण्णा?" म्हणून, बाळा म्हणावं तसं, पाठीवर हात फिरवायला लागले. सांगितल्यावर ते उठले आणि... स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. हा माणूस मला इथेच फार आवडला.

आधी कॅसेट मागे फिरवून ऐकली. सोलो नीट भरला होता. मधल्या चार सेकंदांत काहीही नव्हतं. टेपची खरखर, बस्स. आम्ही ती जागा वीसएक वेळा ऐकली. मग काकांनी अँप्लिफायरचं झाकण काढलं. कधी कधी हे जुने अँप्लिफायर रेडिओ पकडतात, म्हणून वायर तपासल्या. दोघांचे मोबाईल जवळ नेले, लांब नेले. माइक बदलला. मी तसाच्या तसा अकरा वेळा पुन्हा वाजवला. अकराही वेळा चार सेकंद शांत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते रेकॉर्डिंग ऑफिसच्या अॅनालायझरवर टाकलं. त्या चार सेकंदांत विजेच्या मेनची पन्नास हर्ट्‌झची घरघर आणि तिच्या पटीतल्या दोन रेषा. दुसरं काही नाही. म्हणजे माझ्याकडे पुरावा एकच: दोन माणसं एकच गोष्ट ऐकल्याचं सांगतात आणि यंत्र नाही म्हणतं.

तुम्ही विचाराल, त्या वेळी सर काय करत होते? मीही विचारलं. काकू म्हणाल्या, "रविवारी पावणेचारला? झोपले होते. घोरत होते. का रे?" काही नाही म्हटलं.

मी लहानपणचं विसरलो नव्हतो, आत कुठेतरी होतं, असं मानू. मग काकांना कसं ऐकू आलं? मी नकळत गुणगुणलो असेन, असंही मानून बघितलं. पण माइक माझ्याजवळच होता, तो आवाज टेपवर आला असता. काका म्हणतात, "पन्नास वर्षें आवाज पकडला मीं. जो पकडतां आला नाहीं, असा हा एकच." मग कॉफी देतात.

आता ते पाच सूर आम्हा दोघांना येत होते. काकांचं म्हणणं, ते वाजव आणि पाठव, आजारी माणसाला परीक्षेला कशाला बसवतोस? त्यांचं चूक नव्हतं. मी एकदा वाजवून भरलंही. छान आलं. ऐकलं, आणि मग काकांना सांगितलं, की पहिलीच, रिकाम्या जागेची कॅसेट पाठवू या. ते सूर माझे नाहीत. मी तिथे वाजवलं तर सरांना फक्त ऐकावं लागेल.

पेन ड्राइव्ह आणि पत्र कुरिअरने पाठवून आज बारा दिवस झाले. काकू म्हणाल्या, या वेळी सरांनी मोबाईल ढकलला नाही, कारण मोबाईल नव्हताच, मी छोटा स्पीकर पाठवला होता. पहिल्या हेलकाव्याला ते उठून बसले. मधली जागा आली तेव्हा काकूंकडे बघितलं, ओठ मिटून घेतले. आवाज आला नाही. संपल्यावर डाव्या हाताने खूण केली, पुन्हा लाव. रोज दोनदा लावायला लावतात. एवढंच झालंय अजून. आवाज येईल की नाही मला माहीत नाही, आणि त्या दुपारी अँप्लिफायरमधून काय आलं तेही माहीत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा. 'भास झाला' एवढंच सांगू नका, तो विचार आमचा करून झाला आहे.

सोबत पाठवलेलं पत्र खाली देतो. काकूंनी ते सरांना वाचून दाखवलं आणि इथे द्यायला हरकत नाही म्हणाल्या.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

सोबत आपला सोलो पाठवत आहे. गिटार माझी आहे आणि पट्टा सायकलच्या ट्यूबचा आहे. तुम्ही कापला होता तसाच वाकडा कापलाय. इथे चेन्नईत रामरावकाका म्हणून आहेत, त्यांनी मदत केली. ते म्हणतात, तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार सांग, असा वाईट पट्टा मीं उभ्या जन्मांत पाहिला नाहीं.

मधले चार सेकंद रिकामे आहेत. ते बिघडलेले नाहीत, ठेवलेले आहेत. काकूंनी पुन्हा रेकॉर्डिंग मागवू नये.

सर, रेकॉर्डिंग करताना एक गोष्ट घडली, ती तुमच्यापासून लपवली तर मला झोप लागणार नाही. त्या रिकाम्या जागेत आम्हा दोघांना तुमचं गुणगुणणं ऐकू आलं. टेपवर ते नाही. वायर, माइक, मोबाईल, सगळं तपासलं. अकरा वेळा पुन्हा करून पाहिलं, एकदाही आलं नाही. म्हणजे तुमच्या हिशेबाने हा प्रयोग बाद आहे, हे मला कळतं. तरी वहीत निरीक्षण म्हणून लिहून ठेवलंय. निष्कर्षाची जागा कोरी आहे. तुम्ही बरे झालात की त्यावर माझी खरडपट्टी काढा, मी वाट बघतोय.

बाबांची तब्येत बरी आहे. त्यांनी आता यार्डात जाणं बंद केलंय. मी त्यांना सांगितलं होतं की बसून राहा, पण ऐकत नाहीत, देवळासमोर झाडलोट करतात. तुमची चौकशी करत होते.

गुणगुणायची सक्ती नाही, सर. नुसतं ऐकलंत तरी चालेल. पण माझ्या वाजवण्यात कुठे चूक सापडली, तर मला मध्येच थांबवा. कसंही थांबवा. मी थांबेन.

आपला विद्यार्थी,
बालाजी